उशिराचं कारण

वेगवान गाडीच्या नव्या स्टेशनवर गाडी सहा पाचला यायची. फलाटावरून बसथांब्यापर्यंत यायला चांगली आठ मिनिटं लागायची. आणि या गाडीला जोडून ठेवलेली, गावात नेणारी बस सुटायची सहा दहाला. आठ महिने ड्रायव्हरकाका रिकामी बस घेऊन निघत होते आणि बॅगा सावरत धावणारी माणसं आरशात लहान होताना बघत होते. वेळ बदला म्हणून त्यांनी तीन अर्ज दिले. उत्तर एकाचंही आलं नाही. वक्तशीरपणाची ढाल मात्र घरपोच आली.

काल आरशात एक आजीबाई दिसल्या, चपला हातात घेऊन पळणाऱ्या. काकांचं डोकं सटकलं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसून राहिले. पाच मिनिटांत बस गच्च भरली.

आज डेपोतल्या कारकुनाने त्यांच्यापुढे छापील कागद सरकवला. "बस पाच मिनिटं उशिरा सुटली. कारणावर खूण करा. टायर, इंजिन, अपघात की रहदारी?"

"यातलं काहीच नव्हतं."

"रहदारीवर करा हो, काका. कशाला अंगावर ओढून घेताय?"

"आठ महिने तुमच्या वेळेची लाज राखली. आता खोटंही लिहू?"

"मग 'इतर'मध्ये खरं काय ते लिहा. थोडक्यात, जागा कमी आहे."

काकांनी पेन कागदात रुतेल इतकं दाबून लिहिलं, "प्रवासी आले."