एकाच टाकीत

किटलीचं झाकण खडखडलं आणि कुबातची उगारलेली मूठ थांबली. त्याच्या बायकोच्या, बुरुलच्या तोंडात आधीच रक्ताची चव होती.

“दोन्ही गाड्यांत औषध ओतलंस ना? की परवासारखं डिझेलचं तूप करून ठेवलंस, महाराणी?”

“ओतलं.”

बाहेर उणे अडतीस अंश होतं. डिझेल गोठू नये म्हणून टाक्यांत औषध ओतायचं काम घरच्या सुनेचं, आणि आज तिने अख्खी बाटली एकाच गाडीत रिकामी केली होती. तो किटलीकडे वळला, तशी तिने लेकीला उचललं आणि त्या गाडीने डोलोन घाटाची वाट धरली.

तो दुसऱ्या, दिराच्या गाडीतून मागे लागला. खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, “सापडलीस तर गळाच चिरतो.”

पाचव्या वळणावर त्याची गाडी दोन आचके देऊन बंद पडली. घाटात दुसरं चिटपाखरू नव्हतं. बुरुलने आरशात एकदा पाहिलं आणि वेग वाढवला.

बऱ्याच वेळाने पाच वर्षांची मीरिम म्हणाली,


“आई, बाबा नुसत्या शर्टावर आलेत. त्यांना घ्यायला आपण मागे कधी वळायचं?”