शलाकाचं दुसरं उत्तर

तापलेल्या भिंतीलगत ओल्या वाळूतून पाणी कसं वर चढतं, त्याचं समीकरण शलाकाने फळ्यावर मांडलं. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "याला एकच उत्तर? दुसरं सापडलं नाही?"

तिचे मार्गदर्शक खांबेटे सर यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. दुसरं उत्तर तिने गेल्याच वर्षी आणलं होतं. त्यात भिंतीजवळचं पाणी उलटं, खाली वाहत होतं. "पाणी कधी असं वाहतं का? प्रोग्राम चुकलाय तुझा," म्हणत त्यांनीच चारचौघांत तिची खिल्ली उडवली होती आणि अख्खं प्रकरण प्रबंधातून काढायला लावलं होतं.

शलाकाने क्षणभर सरांकडे पाहिलं. मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं, या नियमाचा आडोसा घेऊन सर चष्मा पुसत राहिले.

"माझ्या नजरेतून सुटलं, सर," ती परीक्षकांना म्हणाली.

निकाल जाहीर झाल्यावर परीक्षक सरांना म्हणाले, "विद्यार्थिनी प्रामाणिक आहे हो तुमची. चूक लगेच कबूल केली."

पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून शलाका नमस्काराला वाकली, तेव्हा आपले पाय कुठे लपवावेत ते सरांना कळेना.