सात नंबरचं ओस घर

"दार जरा वर उचलून ढकला," नेरिस म्हणाली. "ओलीनं फुगतं ते."

ग्लिननं खांदा लावला आणि चॅपल रो नावाच्या गल्लीतलं सात नंबरचं घर उघडलं. मागोमाग त्याची बायको बेथन आत शिरली, एक हात कमरेवर ठेवून. तिला सातवा लागला होता.

नेरिस बेब कौन्सिलच्या ओस घरांच्या खात्यात होती. बंद घरं हेरायची, मालकांच्या मागे लागायचं, आणि कुणी ते घेऊन दुरुस्त करायला निघालं, की घर खरंच रिकामं होतं असा दाखला द्यायचा. तो मिळाला तर दुरुस्तीवर वीस टक्क्यांऐवजी पाचच टक्के कर लागायचा. अट एवढीच, की आधीची निदान दोन वर्षं तिथं कुणी राहिलेलं नसावं. इथली मालकीण ऑल्वेनबाई वारल्याला नऊ वर्षं झाली होती. कॅनडातल्या भाच्यानं आत्ता कुठं घर विकायचं मनावर घेतलं.

गावातली निम्मी घरं आता सुट्टीला येणाऱ्यांची. उन्हाळ्यात गजबज, हिवाळ्यात सगळी गल्ली काळीठिक्कर. इथल्या माणसाला भाड्यानं खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. ग्लिन आणि बेथन लग्नापासून तिच्या आईच्या मागच्या खोलीत दिवस काढत होते.

"छप्पर तर काढावंच लागणार," ग्लिन वर बघत म्हणाला. "पुरा कर भरला तर छप्पर होईल, आणि बाकी सगळं राहील. बाळ आपलं आईकडेच रांगायचं."

"आईला चालेल," बेथन म्हणाली. "तुला चालणार नाही."

ती जिना चढू लागली.

"तिसऱ्या पायरीवर पाय नको," नेरिस खालून म्हणाली. "कुजलीय."

थोड्या वेळानं वरून हाक आली. "ग्लिन! इकडे ये लवकर."

मागच्या खोलीत जमिनीवर गादी होती. तिच्यावर पांघरुणांची नीट घडी. खिडकीत धुऊन उपडा ठेवलेला कप. केरसुद्धा काढलेला.

नेरिस मागोमाग वर येऊन दाराशी थांबली.

"कुणीतरी राहतंय इथं," ग्लिन म्हणाला. "संपलं. गेला आपला दाखला."

"थांबा." नेरिस खोलीत आली. "हक्काशिवाय शिरून राहिलेला माणूस हिशेबात धरत नाहीत. भाडेकरू असता किंवा मालकाचा कुणी असता, तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे तो राहिला, तरी राहिला नाही?"

"कराच्या दृष्टीनं नाही."

"मग झकास!" ग्लिन हसला.

बेथन हसली नाही. तिनं वाकून पांघरुणाला हात लावला. "किती नीटनेटकं आहे बघ. अख्खा हिवाळा काढला असेल का हो इथं? वीज नाही, शेगडी नाही."

"असेल," नेरिस म्हणाली.

"आता काय होईल त्याचं?"

"काम निघतंय म्हटल्यावर अशी माणसं आपणहून जातात," नेरिस म्हणाली. "कुणाला कळतही नाही."

"बिचारा."

"बिचारा कसला!" ग्लिन उसळला. "आपलं बाळ यायचंय या घरात. सापडला तर पोलिसांत देईन."

नेरिस खिडकीतून बाहेर बघत राहिली. "शेजाऱ्यांना विचारायला हवं," ती म्हणाली. "घर कुणाला भाड्यानं दिलं नव्हतं, एवढं त्यांच्याकडून कळलं की झालं."

समोरचा इडवाल पॅरी कुंपण कापत होता. वयाची ऐंशी उलटलेली, पण नजर कात्रीसारखी.

"मिस्टर पॅरी, समोर कुणी राहतं का हो?" ग्लिननं थेटच विचारलं.

म्हाताऱ्यानं कात्री थांबवली. आधी ग्लिनकडे पाहिलं, मग नेरिसकडे.

"ऑल्वेन गेल्यापासून? मांजरं राहतात."

"वर अंथरूण आहे."

"मग सुखवस्तू मांजर असेल."

बेथनला हसू आवरेना. ग्लिन मात्र हटला नाही. "कधी उजेड दिसला असेल ना?"

"मला कुठला दिसतोय उजेड? मोतीबिंदू."

"पण ऑपरेशन झालं ना गेल्या वर्षी? सासूबाईच म्हणाल्या."

"झालं की. वाया गेलं."

नेरिस मधे पडली. "घर भाड्यानं दिल्याचं तुमच्या कानावर नाही ना?"

"नाही. ते मात्र बायबलवर हात ठेवून सांगतो, मॅडम."

"तेवढं पुरे," नेरिस म्हणाली. "दाखला मिळेल तुम्हाला."

ग्लिननं आनंदाच्या भरात म्हाताऱ्याचाच हात गदगदा हलवला. "सोमवारी छपरावाले येताहेत, मिस्टर पॅरी! ठोकाठोकीचा त्रास होईल जरा."

"होऊ दे. बरंय, गल्लीत एखादं पोर रडेल."

बेथननं नेरिसला मिठी मारली आणि नाक फेंदारलं. "केसांना तरणतलावाचा वास येतोय तुमच्या! पोहता की काय?"

"रोज सकाळी जाते. ऑफिसच्या आधी."

"हेवा वाटतो बाई. घर झालं की चहाला यायचं हं. जवळच राहता ना?"

"हो, जवळच."

दोघं गाडीत बसून गेली. कोपऱ्यावर बेथननं काच खाली करून हात हलवला. गाडी दिसेनाशी झाली तरी नेरिस तिथंच उभी होती.

पॅरीनं कात्री मिटली. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

"हिवाळाभर सांगतोय, माझी वरची खोली मोकळी आहे," तो म्हणाला. "आता तरी येशील, नेरिस, की दुसरं ओस घर बघून ठेवलंयस?"