केसरबाईंचा दोर

भर मे महिन्यात केसरबाई हातात दोराचं वेटोळं घेऊन बांधावरून तरातरा येताना दिसल्या, तसा सुखदेव गोठ्यामागे सरकला. दिवाळीनंतर त्यानं नाल्यात रेतीच्या पोत्यांचा बंधारा घातला, तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. केसरबाईंची विहीर नाल्याच्या खालच्या अंगाला. त्या दिवशी सावरगावातून त्या अशा कडाडल्या होत्या, की नदीपलीकडे पांढुर्ण्यात ऐकू गेलं असेल. "माह्या विहिरीचं पाणी अडवून राहिला का रे? उन्हाळ्यात माही संत्री वाळली, तर तुले दोरानं बांधून पंचायतीत नेईन!"

आता उन्हाळाही आला होता आणि दोरही.

"सुखदेवा, लपून कायले बसला? भाईर ये!"

तो हात जोडतच बाहेर आला. "काकू, उद्याच तोडतो बंधारा."

"हात तर लावून पाह्य!" केसरबाईंनी दोर त्याच्या पायाशी टाकला. "हा तुकडा तुह्या वासराले घे. माह्या विहिरीवर आता अर्ध्याच दोरात बादली भरते."