आत अजून कोण?

बंद यानात आस्गर एकटाच होता, आणि प्राणवायू दोघांचा खर्च होत होता.

थीराने काट्यावर टिचकी मारून पाहिली. काटा बधला नाही. कोपनहेगनच्या जुन्या गोदीतल्या या शेडमध्ये हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जमून अग्निबाण बांधत. यानातल्या श्वासाचं खातं थीराकडे. आजच्या चाचणीत तिची हवा टिकली, तर उन्हाळ्यात आस्गर खरोखर वर जाणार होता. नाही टिकली, तर त्याच्या जागी पुन्हा पुतळा. पुतळ्याला श्वास लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तिने फोनवर विचारलं, "आस्गर, आत अजून कोण आहे?"

"मेणबत्ती."

"काय?"

"अगं, अंधार पडला. घरपण येईना."

शेडमध्ये कोणालाच यात विशेष वाटलं नाही. डिसेंबरातल्या दुपारी मेणबत्तीशिवाय बसलेल्या माणसाची इथे शेजारी चौकशी करतात. मेणबत्तीही जवळजवळ माणसाएवढाच प्राणवायू खाते. तेव्हा चाचणी रद्द धरायची की दोघांची धरायची, यावर मतदान घ्यावं, असं अध्यक्ष क्रेस्टनने सुचवलं आणि कॉफी ओतून घेतली.

थीरा फोन घेऊन झरोक्याशी गेली. आस्गर आडवा पडला होता. छातीवर बशी, बशीत ज्योत. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत सोडलेला श्वास शुद्ध करणाऱ्या गाळणीच्या डब्याकडे झुकायची, सावरायची, पुन्हा झुकायची, संथ पाण्यातल्या गवतासारखी. इतकी वर्षं थीराने हवा कागदावर बाणांनी काढली होती. आज ती पहिल्यांदाच दिसत होती. विझव म्हणून सांगायला आली होती, ते राहूनच गेलं.

"विझवू का गं?" आस्गरनेच विचारलं.

"थांब. जरा वर घे. उशीजवळ. आणि श्वास धरून ठेव."

वर अवकाशात वजन नसतं. तिथे सोडलेला श्वास आपण होऊन कुठे जात नाही. पंख्याने नेला नाही, तर तोंडाभोवतीच ढगासारखा थांबून राहतो.

आस्गरने बशी गालाशी धरली. ज्योत सरळ झाली, आणि सरळच राहिली.

क्रेस्टन कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "किती शांत," तो हळूच म्हणाला. "चित्रासारखं."

थीराने खिशातला आराखडा काढला आणि उशीपाशी काढलेला वाऱ्याचा बाण खोडला. काचेपलीकडे आस्गर गाल फुगवून तिच्याकडे बघत होता. आता सोडू का, असं डोळ्यांनी विचारत होता.