हिरवा तंबू

"हिरवाच," प्रताप म्हणाला आणि त्यानं केशरी तंबूकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मृणालिनीला मास्कच्या आत हसू आलं. प्रेशर कुकर घ्यायला या माणसानं तीन आठवडे लावले होते. मित्रांना फोन केले, डब्लिनमधल्या दुकानदारांची डोकी खाल्ली आणि शेवटी कुकर भारतातूनच मागवला. आज मात्र डोंगरात शिकारीला न्यायचा तंबू तो कोथिंबिरीची जुडी उचलावी तसा उचलत होता. दुकानातली आयरिश मुलगी बिचारी उत्साहानं एकेक तंबू दाखवत होती. हा हलका, पाठीवर जाणवणार नाही. हा बुटका, वाऱ्याला दाद देणार नाही. याला पुढे पडवी आहे, ओले बूट बाहेर राहतील. प्रताप प्रत्येकाला इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे छान, म्हणत होता.

"अरे, पाऊस आत येतो का, एवढं तरी विचार," मृणालिनी म्हणाली. "विकलोचे डोंगर आहेत ते."

"आला तर आला. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

शिकारीचं हे खूळ शेजारच्या डेक्लननं लावलेलं. डेक्लनकडे बंदुकीचा परवाना होता. गेल्या वर्षी तो प्रतापला दोनदा हरणांच्या मागे डोंगरात घेऊन गेला. प्रतापनं तिथे नुसतं सामान वाहिलं आणि थंडीत कुडकुडला, पण परत आला तो चेहऱ्यावर तरतरी घेऊन. आता पुढच्या महिन्यात हंगाम सुरू होणार होता. त्याआधी एकटाच जाऊन हरणं कुठे उतरतात ते बघून येतो, असं तो म्हणाला, तेव्हा मृणालिनीनं मनातल्या मनात डेक्लनला दंडवत घातला.

तिला डोंगराची नव्हे, घराचीच भीती वाटत होती. मे महिन्यात मिरजेला कोरोनानं अण्णा गेले, प्रतापचे वडील. इथल्या अतिदक्षता विभागात परक्यांच्या बापांना जगवणाऱ्या प्रतापला स्वतःच्या बापासाठी तिकडे एक खाट मिळवता आली नाही. जायलाही वाट नव्हती. अंत्यविधी त्यानं फोनवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला. रडला नाही. मग बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं आणि एकदा "मी नसलो तरी काय फरक पडणारे?" असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून मृणालिनीनं घरातला औषधांचा डबा आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. डॉक्टरकडे चल म्हटलं, की तो म्हणायचा, मीच डॉक्टर आहे.

आणि गेल्या पंधरवड्यात चमत्कार झाला. प्रताप नीट जेवू लागला. वर्षभर अबोला धरलेल्या बहिणीला, उर्मिलाला, त्यानं आपण होऊन फोन केला आणि मनसोक्त गप्पा मारल्या. स्वतः शेजारी बसून मृणालिनीला थेट लिक्सलिप गावापर्यंत गाडी चालवायला लावली, तीही एकदाही न ओरडता. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला तर काय करायचं, ते दोनदा करून दाखवलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हा कुठे याला संसार सुचला," असं तिनं आईला फोनवर हसत सांगितलं. कालच तिनं औषधांचा डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणून ठेवला होता.

"केशरी घे ना रे," ती लाडात म्हणाली. "किती छान दिसतोय."

"नको. शिकारीला जायचंय. केशरी लांबून दिसतो."

आता मात्र तिला राहवलं नाही. मृणालिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. कुणाला कुठला रंग दिसतो आणि कुठला नाही, यातच तिचा दिवस जायचा. नवऱ्याची जिरवायची अशी संधी रोज येत नाही.

"डॉक्टरसाहेब, हरणांना केशरी रंग कळतच नाही. तशी सोयच नाही त्यांच्या डोळ्यांत. त्यांना हे दोन्ही तंबू सारखेच. केशरी लांबून दिसतो तो फक्त माणसांना."

"माहितेय मला," प्रताप म्हणाला आणि त्यानं हिरवा तंबू काखेत मारला.

तिचं हसू मास्कमध्येच राहिलं. डोंगरात गेलेला माणूस परतला नाही, तर त्याला शोधायला माणसंच निघतात. उर्मिलाचा फोन, गाडी, बॉयलर. हा बरा झाला नव्हता. हा सगळं आवरून ठेवत होता, आणि ती वेडी रोज देवाचे आभार मानत होती. तिला स्वतःची भयंकर चीड आली. मग भीती वाटली.

तिनं त्याच्या काखेतला तंबू ओढून घेतला आणि फळीवर ठेवला. त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून मुठीत धरली. दुसऱ्या हातानं त्याच्या जॅकेटची बाही पकडली. ती बाही ती आता सोडणार नव्हती.

"रंग बदलून हवाय का?" दुकानातल्या मुलीनं गोंधळून विचारलं.

"मी आले असते ना रे शोधायला," मृणालिनी म्हणाली. "सगळे डोंगर पालथे घातले असते मी."

मास्कच्या वर प्रतापचे डोळे तेवढे दिसत होते. मे महिन्यापासून कोरडे राहिलेले ते डोळे भरून आले.

"म्हणून तर हिरवा," तो म्हणाला.