दोन्काची सुई

"आता तोंडही उघडून दाखवू का, दोन्कामावशी?" कालिनने विचारलं. मागे रांगेत हशा पिकला.

"दाखव," दोन्का म्हणाली. त्याला खरंच दाखवावं लागलं.

धरणाचे दरवाजे ज्या संगणकाच्या हाती होते, त्याला बाहेरच्या जगाची एकही तार जोडलेली नव्हती. बाहेरचं काही आत जायचं तर माणसाच्या खिशातूनच, आणि खिसे दोन्काच्या ताब्यात. तिच्या फाटकातून मुंगीसुद्धा नाव सांगून जाते, असं खालच्या गावात म्हणत. त्याच गावात, अगदी नदीकाठी, तिची धाकटी बहीण नेवेना राहायची, म्हणून दोन्का झडती जीव ओतून घ्यायची. या तरुण इंजिनियर कालिनकडे एकदा तिला मोबाइल सापडला होता. तेव्हापासून त्याची झडती दोनदा.

त्या दिवशी मार्चची पहिली तारीख, वसंताच्या स्वागताचा सण. जो तो दुसऱ्याच्या छातीवर लाल-पांढऱ्या लोकरीच्या बाहुल्या टाचत होता. संगणकावर बसणारे वांगेलकाका दरवर्षीप्रमाणे टोपलीभर घेऊन आले होते, बायकोने केलेल्या. पहिली, चांगली गुबगुबीत, त्यांनी सकाळी बसथांब्यावरच दोन्काच्या कोटाला लावली होती आणि वर बजावलं होतं, की झाडाला मोहोर दिसेपर्यंत काढायची नाही, अपशकुन होतो. जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

फाटकावर मात्र तिने काकांचीही गय केली नाही. टोपलीतल्या एकेका बाहुलीच्या पोटात सुई खुपसून पाहिली.

"अगं, जीव आहे त्यांना," काका कळवळले.

"असेल तर ओरडतील."

वीस तारखेला फाटकाच्या आत, आवारातलं नासपतीचं झाड फुललं. काकांनीच आतून तिला हाक मारली. मोहोर दिसला की बाहुली फांदीला बांधायची आणि मनातलं मागायचं. दोन्काने आपली बाहुली बांधली, सवयीने तिहेरी गाठ मारली आणि मागितलं, माझ्या नजरेतून काही निसटू नये.

तीन दिवसांनी भर दुपारी धरणाचे दरवाजे आपोआप उघडले. नदीकाठची अकरा घरं गेली. नेवेना पाचव्या दिवशी सापडली, पुलाच्या खांबाला अडकलेली.

कोणीतरी नखाएवढं मेमरी कार्ड आत नेऊन संगणकात घातलं, एवढं तपास अधिकाऱ्याला कळलं होतं. कार्ड मिळालं नव्हतं. दोन्काने नोंदवही त्याच्यापुढे उघडली आणि मोबाइलच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"दुसऱ्या कोणाबरोबर ते आत जाणं शक्यच नाही, असं लिहून द्याल?" त्याने विचारलं. "विचार करा. पोराचा जन्म तुरुंगात जाईल."

"माझ्या फाटकातून? शक्यच नाही." तिने सही केली.

कालिनला बेड्या घालून नेलं. फाटकाशी तो थांबला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने तोंड उघडून दाखवलं.

वांगेलकाकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून दुखवटा व्यक्त केला. महिनाअखेर ते निवृत्त झाले आणि कुठे गेले ते कोणाला सांगून गेले नाहीत.

एप्रिलमध्ये मोहोर गळाला. नेवेनाच्या थडग्यावर ठेवावी म्हणून दोन्का आपली बाहुली सोडवायला झाडाकडे गेली. चाळीसएक बाहुल्या वाऱ्यावर हलत होत्या, सगळ्या धडधाकट. एकीचं पोट तेवढं ब्लेडने चिरलेलं होतं, आणि आत लोकरीत नखाएवढी रिकामी जागा.

तिची गाठ तिहेरी होती.